सर्व्हर आणि क्लाउड सांभाळायची टूल्स: नेहमी विचारले जाणारे प्रश्न, चिपळुणातून

चिपळूणला बसून आम्ही दोघंजण साठेक सर्व्हर बघतो. लोट्याच्या एमआयडीसीतले कारखाने, गणपतीपुळ्याकडची दोन हॉटेलं, देवगडचा एक आंबेवाला, एक पतसंस्था, असा सगळा संसार. निम्मी मशीनं त्यांच्याच ऑफिसात, निम्मी क्लाउडच्या मुंबई रिजनमधे, म्हणजे तिथल्या डेटासेंटरात. तेच तेच प्रश्न फोनवर, व्हॉट्सॅपवर आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत वरणभात चालू असताना विचारून झालेत म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. टूल विकणाऱ्यांच्या तक्त्यात सगळ्या रकान्यात बरोबरची खूण असते, फक्त लाईट गेली की काय होतं हा रकाना नसतो. आमची निवड त्याच रकान्यावरून झालीय, तेव्हा पुण्या-मुंबईवाल्यांनी हे वाचताना तेवढं लक्षात ठेवा.

अनसिबल, टेराफॉर्म, झॅबिक्स, कुबरनेटीस... यातलं बेस्ट कुठलं ते एकच सांगा ना

गवंडी, सुतार आणि राखणदार यातला बेस्ट कोण असं विचारताय तुम्ही. टेराफॉर्म चौथरा घालतो आणि भिंती उभ्या करतो, म्हणजे क्लाउडवर मशीन, नेटवर्क, डिस्क, फायरवॉल हे सगळं तयार करतो. अनसिबल, पपेट वगैरे मंडळी त्या तयार घरात शिरून पॅकेज टाकणं, युजर बनवणं, कॉन्फिग लिहिणं, सर्व्हिस चालू करणं ही कामं करतात. झॅबिक्स किंवा प्रोमिथिअस हा राखणदार, रात्रभर फेरी मारतो आणि काही वावगं दिसलं की हाक देतो. कुबरनेटीस कंटेनर, म्हणजे डब्यात बंद केलेली सॉफ्टवेअरं, अनेक मशीनांवर चालवतो, त्याचं खाली. अनसिबलने क्लाउडवर मशीन बनवता येतं हे खरंय, पण कोयत्याच्या पाठीने खिळापण ठोकता येतो, म्हणून कोणी हातोडी विकून टाकत नाही.

आमचे चारच सर्व्हर आहेत, आम्हाला हे सगळं कशाला?

नकोच. कॉकपिट टाका, ब्राउझरमधून सर्व्हिस, डिस्क, अपडेट सगळं दिसतं. किंवा जुनं वेबमिन, ते पण चालतं. दोन्ही इंटरनेटवर उघडी टाकू नका, व्हीपीएनच्या, म्हणजे खाजगी जोडणीच्या, आतच ठेवा. कॉकपिट ९०९० पोर्टवर (मशीनचा एक नंबरवाला दरवाजा) बसतं आणि प्रोमिथिअसचा डिफॉल्ट पोर्टपण ९०९० च आहे, एकाच मशीनवर दोन्ही टाकून दुसरं का चालू होत नाही हे शोधण्यात माझा एक अख्खा रविवार गेलाय. आणि हाताने जे बदलाल ते तारीख घालून वहीत लिहा. सर्व्हर साताठ झाले आणि वही वाचायचा कंटाळा यायला लागला की मग पुढचा प्रश्न वाचा.

अनसिबल की पपेट? शेफ आणि सॉल्टचं पण सांगा

यातलं सगळ्यात जुनं पपेट, २००५ चं. प्रत्येक मशीनवर त्याचा एजंट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, बसतो आणि दर ३० मिनिटांनी मुख्य सर्व्हरला विचारतो की बाबा माझं काय काय कसं असायला हवं, आणि तसं नसेल तर करून घेतो. शेफ २००९ चं, त्याच जातीचं, फक्त रेसिपी, म्हणजे कामाच्या सूचना, रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायच्या. सॉल्ट २०११ चं, त्यात मिनियन (एजंट) मास्टरला (मुख्य सर्व्हरला) कायम जोडलेले असतात त्यामुळे हजारो मशीनला एकदम हुकूम सोडायचा तर ते सगळ्यात चपळ. अनसिबल २०१२ मधे मायकल डीहान यांनी काढलं, त्यात एजंटच नाही, समोरच्या लिनक्सवर एसएसएच (लांबून मशीनवर शिरायची सुरक्षित वाट) आणि पायथन असलं की झालं, तुम्ही सांगाल तेव्हा जातो, काम करतो आणि परत येतो.

आता खरं बोलायचं तर नेट जाण्याच्या हिशोबाने पपेट आमच्याकडे जास्त शोभेल. मुख्य सर्व्हरशी संपर्क तुटला तरी एजंट आधी मिळालेल्या कॅटलॉगवर, म्हणजे सूचनांच्या यादीवर, काम चालू ठेवतो, आणि कारखान्यातल्या कोणी उत्साहाने फायरवॉल बंद केली तर अर्ध्या तासात परत चालू करून टाकतो. अनसिबलला तुम्ही पुढच्या वेळी चालवेपर्यंत यातलं काही कळतच नाही.

तरी आम्ही अनसिबल वापरतो, आणि त्याचं कारण टूलमधे नाही, माणसात आहे. आमच्याकडे कॉलेजातून नवा मुलगा येतो, त्याला यॅमल (अनसिबलच्या सूचना लिहायची साधी मांडणी) दोन दिवसात वाचता येतं, आठवड्यात छोटं प्लेबुक, म्हणजे त्या सूचनांची फाइल, लिहितो. पपेटची स्वतःची भाषा आहे, ती शिकवून मुलगा तयार केला की तो पुण्याला जातो, मग मी आणि त्याने लिहिलेली मॅनिफेस्टं (पपेटच्या सूचनांच्या फाइली) समोरासमोर बसतो. हे दोनदा झालंय. यॅमलमधे टॅब चालत नाही, स्पेसच द्यायची, तेवढी एक शिवी रोज खाल्ली जाते बाकी काही नाही.

मालकीचंही बघून ठेवा. अनसिबल २०१५ मधे रेड हॅटने घेतलं आणि रेड हॅट २०१९ मधे आयबीएमने. शेफ २०२० मधे प्रोग्रेसकडे, पपेट २०२२ मधे परफोर्सकडे. सॉल्ट २०२० मधे व्हीएमवेअरकडे गेलं आणि २०२३ मधे व्हीएमवेअरच ब्रॉडकॉमकडे. पपेटच्या नव्या मालकांनी तयार पॅकेजं मोकळी देणं आवरतं घेतल्यावर वापरणाऱ्यांनी ओपनवॉक्स नावाची वेगळी चूल मांडली, म्हणजे आज पपेट नव्याने घेत असाल तर आधी ओपनवॉक्स बघा. आणि सॉल्ट घेतलंत तर मास्टरचे ४५०५ आणि ४५०६ हे पोर्ट बाहेरच्या जगाला दिसता कामा नयेत. २०२० च्या एप्रिल-मे मधे त्यातलं एक भगदाड उघड झालं आणि दोन-चार दिवसात मोठमोठ्यांचे सर्व्हर फुटले.

प्लेबुक चालू असताना मधेच नेट गेलं तर?

अर्धवट राहतं. घाबरू नका, नेट आलं की परत चालवा. पावसाआधी घर शाकारायला माणूस वर चढतो तेव्हा तो फुटकी कौलं बदलतो, चांगली तशीच ठेवतो, आणि दुपारी सर आली म्हणून खाली उतरला तर संध्याकाळी परत चढून उरलेलीच बघतो. अनसिबलची मॉड्यूलं तशी असतात, जे आधीच बरोबर आहे त्याला हात लावत नाहीत. पण तुम्ही सगळं काम शेल मॉड्यूलमधे कमांड टाकून करत असाल तर ते अडाणी आहे, जितक्यांदा चालवाल तितक्यांदा सगळं परत करेल. एका हॉटेलच्या सर्व्हरवर मला कॉन्फिग फाइलमधे तीच एक ओळ १७ वेळा सापडली, वरून खाली, शिस्तीत. कोणी लिहिली होती? मीच, एका पावसाळ्यात, नेट सतरा वेळा तुटलं तेव्हा.

दुसरी गोष्ट म्हणजे अनसिबल लॅपटॉपवरून चालवू नका. क्लाउडवर एक लहानसं मशीन ठेवा, त्यात टीमक्स (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) लावा आणि तिथून चालवा, मग तुमच्या घरचं नेट गेलं तरी काम तिकडे चालूच राहतं.

तिसरी गोष्ट सांगायला लाज वाटते पण सांगतो. एका मशीनचा डेटाबेस रीस्टार्ट करायचा होता, कमांडमागे लिमिट (फक्त याच मशीनवर चालव असं सांगणं) लावायचं विसरलो आणि सकाळी अकरा वाजता, सगळ्या काउंटरवर रांगा असताना, त्या ग्राहकाच्या सगळ्या शाखांचे डेटाबेस एका दमात रीस्टार्ट झाले. अनसिबल डिफॉल्टने एका वेळी पाच मशीनं घेतो, म्हणजे पाच पाचच्या घोळक्याने गेले, मला थांबवायला वेळ होता पण हातच चालेना. तेव्हापासून आमच्या प्रत्येक प्लेबुकमधे सिरियल एक आहे, म्हणजे एका वेळी एकच मशीन, आणि आधी चेक मोडमधे (काही न बदलता नुसती रंगीत तालीम) चालवल्याशिवाय कोणी एंटर दाबत नाही.

टेराफॉर्म घ्यावं का ओपनटोफू?

टेराफॉर्म हॅशिकॉर्पने २०१४ मधे काढलं. ऑगस्ट २०२३ मधे त्यांनी लायसन्स बदललं, मोकळं होतं ते बिझनेस सोर्स लायसन्स केलं, म्हणजे कोड वाचता येतो, स्वतःच्या कामाला वापरता येतो, पण त्यांच्याशी स्पर्धा करणारी सेवा काढता येत नाही. त्यावर लोक चिडले आणि महिन्या-दीड महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली ओपनटोफू, म्हणजे टेराफॉर्मच्याच मोकळ्या कोडवरून काढलेला वेगळा फाटा, आलं, त्याची पहिली पक्की आवृत्ती जानेवारी २०२४ ची. हॅशिकॉर्प पुढे आयबीएमने ६.४ अब्ज डॉलरला घेतली, तो व्यवहार २०२५ मधे पुरा झाला.

आपल्यासारख्या साध्या वापरणाऱ्याला लायसन्सचा त्रास शून्य. फाइली जवळजवळ त्याच, कमांडमधला पहिला शब्द बदलतो. आम्ही नवीन कामं ओपनटोफूवर करतो कारण त्यात १.७ पासून स्टेट फाइल (ती काय ते पुढच्या प्रश्नात) कुलुपबंद ठेवता येते. जुनी टेराफॉर्मवर चालू आहेत, चालू द्या, उगाच हलवाहलव नको.

ही स्टेट फाइल म्हणजे नक्की काय? सगळे तिचं नाव काढून घाबरवतात

सातबारा. क्लाउडवरची मशीनं ही जमीन आणि स्टेट फाइल हा तिचा उतारा. टेराफॉर्म काही करायच्या आधी उतारा बघतो, त्यावर असेल ते आपलं मानतो, नसेल त्याला ओळखच दाखवत नाही. आता तुम्ही ब्राउझरमधून कन्सोलवर जाऊन हाताने एक डिस्क वाढवलीत, तर जमीन बदलली पण फेरफार पडला नाही. पुढच्या वेळी प्लॅन कमांड दिलीत की तो सांगतो अमुक अमुक जुळत नाही, मी पूर्ववत करू का, आणि प्लॅन न वाचता हो म्हणणारे लोक आहेत जगात. उतारा हरवला तर जमीन जाग्यावरच असते पण ती तुमची आहे हे टेराफॉर्मला पटवायला एकेक गट नंबर परत चढवावा लागतो, त्याला इम्पोर्ट म्हणतात, आणि चाळीस गोष्टी इम्पोर्ट करणं म्हणजे तलाठी कार्यालयाच्या बाकावर दिवस काढण्यासारखंच आहे.

म्हणून फाइल लॅपटॉपवर नको. एडब्ल्यूएस म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या एस-थ्री बकेटमधे (फाइली ठेवायची जागा) ठेवा, व्हर्जनिंग (जुन्या प्रती राखणं) चालू करा. दोन भाऊ एकाच वेळी उताऱ्यावर नाव लावायला गेले की काय होतं ते कोकणात सांगायला नको, म्हणून लॉकपण लावा. पूर्वी त्यासाठी डायनॅमोडीबी या डेटाबेसमधे वेगळं टेबल लागायचं, टेराफॉर्म १.१० पासून बकेटमधेच लॉकची सोय झालीय. आणि गिटवर (कोडच्या आवृत्त्या ठेवायची जागा) ही फाइल कधीही टाकू नका, तिच्यात डेटाबेसचे पासवर्ड उघडे लिहिलेले असू शकतात. पासवर्डवरून आठवलं, अनसिबलचे पासवर्ड अनसिबल व्हॉल्ट या कुलुपबंद फाइलीत, आणि व्हॉल्टचा पासवर्ड दोन माणसांकडे, एकाकडे नाही.

झॅबिक्स, नागिऑस का प्रोमिथिअस-ग्राफाना?

नागिऑस १९९९ पासून आहे, कॉन्फिग फाइली लिहून लिहून हात दुखतात पण चालतं दगडासारखं. प्रोमिथिअस साउंडक्लाउडमधे २०१२ ला सुरू झालं, ग्राफानाचे आलेख बघून गिऱ्हाईक खूश होतं हे मान्य. पण प्रोमिथिअस स्वतः प्रत्येक मशीनकडे जाऊन आकडे आणतो. आमच्या कारखान्यांत स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा नेटचा पत्ता, नाही, राउटरच्या मागे राउटर आहे, बाहेरून आत जायला वाटच नाही. झॅबिक्सचा ॲक्टिव्ह एजंट आतून बाहेर आकडे पाठवतो, त्यामुळे राउटरवर भोक पाडावं लागत नाही. शिवाय यूपीएस, स्विच, जुना प्रिंटरसुद्धा एसएनएमपीवरून (उपकरणांची हालहवाल विचारायची पद्धत) बघता येतो. आम्ही झॅबिक्सवर. ते लॅटव्हियातलं आहे, २००१ पासूनचं, फुकट आहे, २०२४ च्या ७.० पासून लायसन्स एजीपीएल (मोकळ्या सॉफ्टवेअरचंच एक) झालंय, नुसतं वापरणाऱ्याला फरक पडत नाही.

ही झाली तक्त्यातली गोष्ट. आता जुलैतली एक रात्र. आमचा झॅबिक्स सर्व्हर तेव्हा एका कारखान्यातच होता, त्याच रॅकमधे, त्याच यूपीएसवर. रात्री लाईट गेली, यूपीएसने पाऊण तास दम धरला आणि मग राखणदार आणि ज्याची राखण करायची तो, दोघं एकदमच झोपले. मला एकही अलर्ट नाही. सकाळी मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी दात घासत होतो. डॅशबोर्ड परत चालू केला तर रात्री दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत सगळं हिरवंगार आणि त्यापुढे नुसती रिकामी पट्टी. तेव्हापासून झॅबिक्स सर्व्हर मुंबईच्या क्लाउडवर आणि प्रत्येक साइटवर फक्त एक छोटा प्रॉक्सी (आकडे गोळा करून पुढे पाठवणारा मदतनीस), आणि दहा मिनिटं प्रॉक्सीकडून काहीच आलं नाही की तोच अलर्ट.

प्रॉक्सीचं एक कलम मुद्दाम सांगतो कारण कोणी बघत नाही. नेट गेलं की प्रॉक्सी आकडे स्वतःकडे साठवतो, पण डिफॉल्टने एकच तासाचे. प्रॉक्सीच्या कॉन्फिगमधे प्रॉक्सी-ऑफलाइन-बफर नावाची ओळ असते, ती आम्ही ७२ तासांवर नेलीय. एक तास हा आकडा ज्याने ठरवला तो पावसाळ्यात गुहागरला राहिलेला नसणार.

समुद्राजवळ असाल तर तापमान आणि पंख्याचा वेग पण बघा. पुळ्याच्या हॉटेलात खाऱ्या हवेने नेटवर्क कनेक्टरवर हिरवट थर चढलेला आणि पंखे कुरकुरत होते, झॅबिक्सने पंख्याचा वेग उतरतोय हे आठवडाभर आधी दाखवलं होतं, आम्हीच बघितलं नव्हतं.

प्लेबुकं आहेत म्हणजे बॅकअप नसला तरी चालेल ना?

नाही नाही नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा बाजारपेठेत तळमजल्यावर असलेला आमच्या एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर बुडाला. बॅकअपची डिस्क त्याच कपाटात होती, वरच्या खणात, आणि पाणी वरच्या खणाच्याही वर गेलं. चिखल काढून नेट आल्यावर गिटमधली प्लेबुकं घेऊन क्लाउडवर तसाच्या तसा सर्व्हर उभा करायला दोन तास लागले, युजर, शेअर, प्रिंटर सगळं जिथल्या तिथे, आणि आत एकही बिल नाही. रिकामं घर. शेवटी त्यांच्या हिशोबनीस बाईंनी टॅलीचा बॅकअप सवयीने स्वतःला ईमेल केलेला सापडला, चार दिवस आधीचा. त्यांच्यामुळे वाचलो, अनसिबलमुळे नाही. आता रेस्टिक या बॅकअपच्या टूलने रोज रात्री मुंबईला आणि तिथून एक प्रत हैदराबाद रिजनला जाते, आणि महिन्यातून एकदा काहीतरी खरंच परत काढून बघतो.

व्हीएमवेअर महाग झालंय, प्रॉक्समॉक्सवर जावं का?

व्हीएमवेअरने एका मशीनवर अनेक आभासी मशीनं चालवता येतात. ब्रॉडकॉमने २०२३ च्या शेवटी एकदाच पैसे भरायची लायसन्सं बंद करून सगळं वर्गणीवर नेलं, तेव्हापासून हा प्रश्न आठवड्याला येतो. दोन-तीन होस्ट (ही आभासी मशीनं पोसणारी खरी मशीनं) असतील तर जा. प्रॉक्समॉक्स व्हिएन्नाचं, आत केव्हीएम (लिनक्सचंच आभासी मशीनं चालवायचं इंजिन), व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवरून मशीन ओढून आणायची सोय २०२४ पासून आतच आहे. फक्त क्लस्टर, म्हणजे होस्ट जोडून एक गट, करणार असाल तर दोन होस्टवर करू नका. एक गेला की दुसऱ्याला बहुमत मिळत नाही आणि तो काही बदलूच देत नाही. तिसरं मत म्हणून एखादं रास्पबेरी पाय ठेवलं तरी भागतं.

कुबरनेटीस?

तुमचं सॉफ्टवेअर कंटेनरमधे आहे का? नाही? मग झालं. असेल तर आधी साधं डॉकर कंपोझ (एकाच मशीनवर कंटेनर चालवणं), मग के-थ्री-एस (हलकं कुबरनेटीस), मग बघू. कुबरनेटीसच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात आणि एकेकीला साधारण १४ महिने आधार मिळतो, म्हणजे दरवर्षी अपग्रेड आलंच. दोन माणसांच्या टीमने हे पोसू नये असं माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

विंडोज सर्व्हर आहेत, अनसिबल चालेल?

चालेल, एसएसएचऐवजी विनआरएम या विंडोजच्या वाटेवरून, पोर्ट ५९८६. अनसिबल स्वतः मात्र विंडोजवरून चालत नाही, लिनक्स मशीन लागेल किंवा डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतलं लिनक्स.

क्लाउडवाल्यांची स्वतःची टूल्स असताना बाहेरची कशाला?

एकाच क्लाउडवर असाल तर नकोत. एडब्ल्यूएसचा सिस्टम्स मॅनेजर चांगला आहे, एसएसएचचा २२ नंबरचा पोर्ट न उघडता मशीनवर जाता येतं, आणि ऑफिसातली मशीनंही त्यात जोडता येतात. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचं आर्क तसंच. आमचं एक गिऱ्हाईक इकडे आणि दुसरं तिकडे, म्हणून आम्हाला मधलं टूल लागतं. लॉगचं मात्र कुठल्याही टूलमधे सेटिंग तपासा. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे १८० दिवसांचे लॉग भारतात ठेवावे लागतात, आणि प्रोमिथिअस आकडेसुद्धा डिफॉल्टने १५ दिवसांचेच ठेवतो, लॉग तर ठेवतच नाही.

क्लाउडचं बिल कमी करणारं टूल सांगा

सगळ्यात भारी उदाहरण आमचा आंबेवाला. त्याची वेबसाइट पाडव्याच्या सुमाराला टेराफॉर्मने मोठी होते, मशीन तीन, डेटाबेस मोठा. पेट्या संपल्या, मिरग लागला की आम्ही डिस्ट्रॉय, म्हणजे सगळं मोडायची कमांड, देतो आणि उरतं एक पान, पुढच्या मोसमात भेटू असं लिहिलेलं. हाताने बांधलं असतं तर कोणी मोडलंच नसतं. मशीन नुसतं बंद केलं तर डिस्कचे पैसे चालूच राहतात, आणि फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक आयपीव्ही-फोर पत्त्याचे तासाला अर्धा सेंट घेतं, वापरा नाहीतर नका वापरू. हे बारीक पैसे गोचिडीसारखे असतात, दिसत नाहीत पण रक्त पितात. बिलाचा अलर्ट पहिल्या दिवशी लावा, बाकी टूल नंतर.

गणपतीत काय करता?

गणपतीच्या आदल्या दिवसापासून विसर्जनापर्यंत कुठलाही प्लेबुक नाही, टेराफॉर्मचा कुठलाही ॲप्लाय (बदल लागू करणं) नाही. चाकरमानी आले की गावातलं मोबाइल नेट असंही जाम होतं, आरतीच्या वेळी तर व्हॉट्सॅपचा एक टिकपण जात नाही. अलर्ट त्या दिवसात माझ्या जोडीदाराकडे जातात कारण त्याच्या घरी गणपती नसतो, नवरात्रात उलट. त्याच्याकडे एक लॅमिनेट केलेला कागद आहे, सहा ओळींचा, कोणत्या साइटला आधी कोणाला फोन करायचा त्याचा, आणि सहावी ओळ आमच्या आईचा लँडलाइन नंबर आहे.